३२ किलोमीटरनंतर दरवेळी पोटरीत गोळा येतो? मीठ वाढवण्याआधी हे तपासा

मॅरेथॉनच्या सरावात २८-३० किलोमीटर विनातक्रार जातात. रेसच्या दिवशी मात्र ३२ ओलांडले की पोटरी आतल्या आत लवायला लागते, डोळा लवतो तशी. मग एखादं पाऊल जरा वाकडं पडतं आणि पोटरीचा दगड होतो. कोणी याला गोळा म्हणतं, कोणी वांब, कोणी पेटका. एखाद्याच रेसमध्ये झालं असेल तर फार मनावर घेऊ नका. पण दरवर्षी, साधारण त्याच अंतराला आणि बहुतेक वेळा त्याच पायात होत असेल, तर त्याला कारण आहे आणि ते शोधता येतं.

मुंबई मॅरेथॉनमध्ये मला हे लागोपाठ तीन वर्षं झालं. २०१८, २०१९, २०२०. तिन्ही वेळा डावी पोटरी, तिन्ही वेळा परतीच्या वाटेवर, हाजी अली मागे टाकून पेडर रोडचा चढ सुरू झाल्यावर. पहाटे अंधारात जाताना हा रस्ता कधी संपला ते कळतही नाही. येताना तोच रस्ता ३५ किलोमीटर पायात घेऊन चढायचा असतो आणि तोवर ऊन अंगावर आलेलं असतं. २०२० साली मी तिथे कडेच्या कठड्याला धरून उभा होतो. पोटरीवर मुठीएवढा उंचवटा आला होता आणि कातडीखाली तो हलताना दिसत होता. शेजारी एक आजी स्टीलच्या ताटलीत संत्र्याच्या फोडी आणि मीठ घेऊन उभ्या होत्या. "बाळा, मीठ चाट, उतरेल," म्हणाल्या. मी चाटलं. गोळा उतरला, पण चारशे मीटरवर पुन्हा आला. पहिली २१ किलोमीटर २ तास १ मिनिटात झाली होती. शेवटी वेळ लागला ४ तास ३८ मिनिटं.

त्या तीन वर्षांत मी एकच उपाय वाढवत गेलो होतो. आधी इलेक्ट्रॉलचं पाणी, मग मिठाच्या गोळ्या, मग दुप्पट मिठाच्या गोळ्या. आमच्या ठाण्याच्या गटातही कोणाला गोळा आला की पहिला प्रश्न हाच असतो, "मीठ कमी पडलं का रे?" त्यामुळे आधी याच प्रश्नाबद्दल लिहितो. त्याआधी रस्त्यात गोळा आला तर काय करायचं ते थोडक्यात.

गोळा आला त्या क्षणी

बाजूला व्हा, मागून येणारा अंगावर येऊ देऊ नका. कठडा किंवा झाड धरा, गोळा आलेला पाय मागे घ्या, टाच जमिनीला टेकवा, गुडघा सरळ ठेवा आणि पुढे झुका. झटका द्यायचा नाही. २०-३० सेकंद तसंच थांबा. पायाची बोटं नडगीकडे स्वतःच्या जोराने ओढून धरली तर आणखी लवकर सुटतो, कारण नडगीचा स्नायू कामाला लागला की त्याच्या उलट बाजूच्या पोटरीला सैल पडण्याचा संदेश जातो. वरचा गोळा सुटला पण खोलवर काही धरून ठेवल्यासारखं वाटत असेल, तर टाच टेकलेलीच ठेवून गुडघा थोडा वाकवा. पोटरीत दोन मोठे स्नायू आहेत. वरचा गुडघा सरळ असताना ताणला जातो, आतला गुडघा वाकवल्यावर.

बुक्क्या मारू नका. कोणी स्वयंसेवक धावत येऊन पाय खसकन वर ओढायला लागला तर त्याला प्रेमाने "हळू" म्हणा. स्प्रेने कातडी गार होते, दुखणं जरा मागे पडतं, पण आतला स्नायू थकलेला तो थकलेलाच. सुटल्यावर दोन मिनिटं चाला आणि मग आखूड पावलांनी सुरू करा. मघाच्याच वेगाने निघालात तर तो किलोमीटरभरात परत येतो, हे मी तीन वेळा अनुभवलं आहे.

एक गोष्ट जागच्या जागी पारखून घ्या. गोळा हाताला कडक लागतो आणि ताण दिल्यावर सुटतो. मागून कोणीतरी दगड मारल्यासारखी कळ आली, हाताला गोळा लागत नाही आणि ताण दिल्यावर दुखणं वाढतं, तर स्नायू फाटलेला असू शकतो. मग रेस तिथेच थांबवा. पुढे पळणं म्हणजे सहा-आठ आठवडे घरी बसणं ओढवून घेणं आहे.

मिठाचं काय

समजुतीचा उगम अगदीच चुकीचा नाही. खाणीत आणि भट्टीपाशी काम करणाऱ्या मजुरांना घामाने अंग निथळून पेटके यायचे, मीठ-पाणी दिल्यावर बरं वाटायचं, तिथून ती आली. पण धावपटूंचं रक्त तपासल्यावर चित्र वेगळं दिसलं. दक्षिण आफ्रिकेतले क्रीडावैद्यक तज्ज्ञ मार्टिन श्वेल्नस यांनी १९९७ मध्ये मांडलं की हा प्रकार मुळात थकलेल्या स्नायूच्या नियंत्रणाचा आहे. स्नायूला आवळण्याचे संदेश देणारी यंत्रणा थकव्याने जास्त चेकाळते आणि सैल सोडायला लावणारी यंत्रणा मंदावते. २००४ मध्ये त्यांच्या गटाने अल्ट्रा मॅरेथॉनच्या, म्हणजे मॅरेथॉनपेक्षाही लांब रेसच्या, धावपटूंची तुलना प्रसिद्ध केली. ज्यांना पेटके आले आणि ज्यांना आले नाहीत, त्यांच्या रक्तातल्या क्षारांत किंवा शरीरातल्या पाण्यात पेटक्यांचं कारण ठरेल असा फरक नव्हता. २०११ च्या ट्रायथलॉनपटूंवरच्या (पोहणं, सायकल आणि पळणं एकाच रेसमध्ये करणाऱ्यांवरच्या) अभ्यासात पेटक्यांशी जोडलेल्या दोन गोष्टी पुढे आल्या: आधी पेटके येऊन गेलेले असणं आणि आपल्या कुवतीच्या मानाने जास्त वेगाने जाणं. स्पेनमधल्या वालेन्सिया मॅरेथॉनच्या धावपटूंवरच्या अभ्यासातही पेटके आलेल्यांचं पाणी जास्त कमी झालेलं नव्हतं. त्यांच्या स्नायूंची झीज मात्र जास्त झाली होती आणि पायांच्या ताकदीचा व्यायाम करणारे त्यांच्यात कमी होते.

हे वाचण्याआधी मला एक साधी गोष्ट सुचायला हवी होती. रक्त सगळ्या अंगात तेच फिरतं. त्यातलं मीठ कमी पडलं असतं, तर ते फक्त माझ्या डाव्या पोटरीलाच कसं कळलं असतं?

म्हणून पहिली पारख ही करा. गोळा एकाच ठिकाणी, सगळ्यात जास्त राबलेल्या स्नायूत येतो का? मग थकवा धरून चला. पोटरी, मांडी, पोट, हाताची बोटं असं सगळीकडे वळायला लागलं, टोपीवर आणि बनियनवर मिठाचे पांढरे पट्टे उमटलेत, उकाडा भरपूर होता, तर मिठाकडे जरूर बघा. असेही धावपटू असतात. आमच्या गटात एक वहिनी आहेत, त्यांचा काळा टीशर्ट २० किलोमीटरनंतर खडूने रेघा मारल्यासारखा दिसतो. त्यांना मिठाने खरोखर फरक पडला.

घड्याळातले आकडे काढा

रेसचे ५-५ किलोमीटरचे स्प्लिट, म्हणजे प्रत्येक टप्प्याला लागलेला वेळ, कागदावर लिहा. मोबाइलवर नुसते बघू नका, लिहा. शेजारी ठरवलेला वेग लिहा.

माझ्या मावसभावाचं उदाहरण देतो, त्याचं दुखणं माझ्यासारखंच होतं. त्याला ४ तास १५ मिनिटांत संपवायचं होतं, म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटांच्या जरा वर. "दादा, मी अगदी ठरल्याप्रमाणे पळलो," असं तो शपथेवर सांगत होता. कागदावर उतरवल्यावर पहिले १० किलोमीटर ५:३८ च्या वेगाने निघाले. तो खोटं बोलत नव्हता. पहाटेची गार हवा, मरीन ड्राइव्हवरचा ढोल, दोन आठवडे विश्रांती घेतलेले पाय, यात ५:३८ हा वेग ६ सारखाच वाटतो. पण प्रत्येक किलोमीटरला वीस-पंचवीस सेकंदांची ती उचल पोटरीतूनच येते, आणि तिची वसुली पेडर रोडवर होते.

उपाय त्याने असा केला: पहिले ८ किलोमीटर घड्याळावर एकच आकडा ठेवला, चालू किलोमीटरची सरासरी. ६:१० च्या आत गेली की आवर. सी लिंकवर शंभर माणसं पुढे गेली तरी जाऊ दिली. पुढच्या वर्षी पहिला अर्धा भाग २:०९ मध्ये, दुसरा २:१० मध्ये, आणि पोटरी एकदाही धरली नाही. त्याचा प्रश्न एवढ्यावर सुटला. माझा सुटला नसता, कारण माझं खरं कारण वेगळं होतं.

टाच वर, टाच खाली

हे करून बघायला पाच मिनिटं लागतात आणि माझ्या मते या सगळ्यात हीच तपासणी सर्वांत महत्त्वाची आहे. भिंतीसमोर उभे राहा, तोल सांभाळण्यापुरती दोन बोटं भिंतीला लावा. एक पाय उचला. दुसऱ्या पायाचा गुडघा सरळ ठेवून टाच पूर्ण वर, पूर्ण खाली. लयीत, न थांबता. टाच पहिल्या वेळेइतकी वर जाईनाशी झाली की मोजणं थांबवा. मग दुसरा पाय.

२०२० च्या त्या रेसनंतर दोन महिन्यांत सगळं बंद झालं आणि आम्ही घरात अडकलो. तेव्हा एका संध्याकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी मी हे केलं. उजवा पाय २४ वेळा. डावा १३ ला संपला. चौदाव्या वेळी टाच अर्ध्यातच थरथरायला लागली, आणि ते थरथरणं माझ्या ओळखीचं होतं. पेडर रोडवर गोळा यायच्या आधी पोटरी अगदी तशीच लवायची. बायको ओट्यापाशी उभी होती, ती म्हणाली, "अहो, तो पाय मुरगळला होता ना तुमचा कर्नाळ्याला, त्यानंतर कधी काही केलंत का त्याचं?" काहीच केलं नव्हतं. घोटा दुखायचा थांबला तेव्हा तो बरा झाला असं मी धरून चाललो होतो. चार वर्षं तो पाय अर्ध्या ताकदीवर पळत होता आणि मी त्याला मीठ पाजत होतो.

निरोगी, पळणाऱ्या माणसाला एका पायावर २५ च्या आसपास जमायला हवेत. दोन्ही पायांत चार-पाचपेक्षा जास्त फरक असेल आणि गोळा कमी आकड्याच्याच पायात येत असेल, तर पुढचं फार शोधायची गरज नाही.

व्यायाम साधा आहे, चिकाटी मात्र लागते. जिन्याच्या पायरीवर पायाचा पुढचा भाग, टाच हवेत. दोन पायांवर वर, एका पायावर तीन मोजत खाली. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक पायाचे बारा-बाराचे तीन फेरे. नंतर तेवढेच गुडघा वाकवून, आतल्या स्नायूसाठी. तो स्नायू लांब पळताना सर्वांत जास्त राबतो आणि लोक नेमका तोच सोडून देतात. महिन्याभरात हे सोपं वाटायला लागलं की वजन घ्या. मी पाठीवरच्या सॅकमध्ये पाच किलो तांदळाची पिशवी टाकायचो, नंतर दहा किलो. कमकुवत पायाचा एक फेरा जास्त. फरक दिसायला तीन महिने लागतात, त्यामुळे जानेवारीची रेस असेल तर सप्टेंबरच्या पुढे ढकलू नका. शेवटचे दहा दिवस वजन बंद.

सराव कुठल्या रस्त्यावर करताय?

मुंबई-ठाण्यात आपण सपाटीवर पळतो आणि रेसमध्ये चढावर गोळा आला की नशिबाला बोल लावतो. सरावाचे ३० किलोमीटर एका संथ वेगाने सपाटीवर करून पोटरीला पेडर रोडची ओळख होत नाही. मी लांब पल्ल्याचा शेवट बदलला. आधी तलावपाळी, घोडबंदर अशा सपाट भागात २२-२४ करायचे आणि शेवटचे सहा किलोमीटर येऊरच्या चढाकडे. थकलेल्या पायांनी चढ. बोरिवलीकरांना राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा रस्ता आहे, पुणेकरांना टेकड्यांची कमी नाही. असे तीन-चार रविवार पुरतात. त्यातला एखादा रविवार शेवटचे ८ किलोमीटर रेसच्या वेगाने. पोटरी याच रविवारी लवायला लागली तर चांगलंच, रेसच्या आधी कळलं.

पाणी आणि मीठ मोजून घ्या

मीठ हे मुख्य कारण नसलं तरी पाण्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. घाम मोजायची घरची रीत अशी. पळायच्या आधी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. एक तास पळा, किती पाणी प्यालात ते लक्षात ठेवा. आल्यावर घाम पुसून पुन्हा वजन. माझं एका ऑक्टोबरच्या सकाळी ६८.४ वरून ६७.५ झालं आणि ३०० मिली पाणी प्यालो होतो. म्हणजे ९०० अधिक ३००, तासाला १.२ लिटर घाम. जानेवारीत तो बराच कमी भरतो, म्हणून रेसच्या हवामानात पुन्हा मोजा.

गेलेलं सगळं पाणी रेसमध्ये भरून काढायचं नसतं. तहानेप्रमाणे, तासाला साधारण अर्धा लिटर. रेसच्या आधीपेक्षा शेवटी वजन वाढलं असेल तर तुम्ही धोक्याच्या बाजूला आहात. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ धावपटूंच्या तपासणीत १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम घसरलेलं निघालं, आणि त्यामागचं मोठं कारण पळताना वाढलेलं वजन, म्हणजे जास्त पाणी पिणं हे होतं. सावकाश पळणाऱ्यांनी, प्रत्येक टेबलावर थांबणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. चार-पाच तास रस्त्यावर असणाऱ्यांना साध्या पाण्यासोबत ओआरएस हवंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या पाकिटात लिटरला २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. पूर्ण पाकीट पूर्ण लिटरमध्येच घाला. छोट्या बाटलीत घट्ट करून प्यालात तर पोट बिघडेल.

खाण्याचं थोडक्यात: तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, पहिल्या पाऊण तासापासून. जेल असो, खजूर असो की राजगिऱ्याची चिक्की, सरावात पोटाला चाललेलंच रेसमध्ये घ्या. इंधन संपलेला स्नायू लवकर थकतो आणि थकलेला स्नायू लवकर वळतो.

केळं चांगलंच, पण त्यातलं पोटॅशियम रक्तात उतरायला वेळ लागतो. गोळा आल्यावर खाल्लेलं केळं त्या गोळ्याचं काही करत नाही. मॅग्नेशियमवर मी आता खर्च करत नाही. लोणच्याचा खार प्यायला की गोळा सुटतो म्हणतात, ती गोष्ट मात्र खरी आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विजेच्या झटक्याने पायाच्या बोटाला पेटका आणला आणि व्हिनेगरमधल्या काकडीच्या लोणच्याचं पाणी पाजलं, तर तो साध्या पाण्यापेक्षा लवकर, दीडएक मिनिटात सुटला. इतक्यात मीठ रक्तात पोहोचत नाही, त्यामुळे घशातल्या तिखट-आंबट चवीने मज्जातंतूंना काहीतरी संदेश जात असावा असं मानतात. पेडर रोडवरच्या आजींचं मीठ चाटून माझा गोळा त्या क्षणी उतरला त्याचं कारण कदाचित हेच. आपल्या कैरीच्या लोणच्याच्या खारात तेल आणि मोहरी असते, ते पळताना पोटात नको. आणि बुटांचं: रेसच्या महिन्यात कमी ड्रॉपचे (टाचेकडची आणि बोटांकडची उंची जवळपास सारखी असलेले) नवे बूट घालू नका, टाच जितकी खाली तितका पोटरीवर भार जास्त.

डॉक्टरांकडे कधी

रेसनंतर लघवी चहाच्या कोऱ्या काढ्यासारखी काळपट झाली, तर उशीर न करता रुग्णालयात जा. माणूस असंबद्ध बोलायला लागला, उलट्या होताहेत, बोटं सुजलीत, तर त्याला आणखी पाणी पाजू नका, वैद्यकीय तंबूत न्या. दोन-तीन दिवसांनी एकच पोटरी सुजून गरम लागली तर तो गोळा समजून चोळत बसू नका, रक्ताची गुठळी असू शकते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी किंवा कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन चालू असेल तर पेटक्यांबद्दल डॉक्टरांना सांगा, पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका. आणि पळताना वेदनाशामक गोळी घेऊ नका. पाणी कमी झालेल्या शरीरात ती मूत्रपिंडावर येते.

२०२३ मध्ये मुंबई मॅरेथॉन पुन्हा भरली, तेव्हा माझा डावा पाय २३ पर्यंत पोहोचला होता. पेडर रोडचा चढ मी न थांबता चढलो. पोटरी लवली ती ३९ व्या किलोमीटरला, मरीन ड्राइव्हवर. पावलं आखूड केली, टाच जरा लवकर टेकवत गेलो, आणि ती लवत-लवतच शेवटपर्यंत आली, वळली नाही.

मावसभावाच्या पोटरीचं आता काही नाही, पण गेल्या दोन रेसमध्ये त्याला मांडीच्या मागच्या बाजूला धरलं. त्याच रीतीने शोधतोय. एका पायावरच्या ब्रिजमध्ये (पाठीवर झोपून, एक पाय टेकवून कंबर वर उचलायची) उजवा १९, डावा २२, म्हणजे तिथे फार फरक नाही. वेगही ठीक आहे. आता यवतेश्वरच्या घाटात साताऱ्याची हिल हाफ, म्हणजे चढ-उताराची अर्धमॅरेथॉन, पळणार आहे. तिथून उतरताना पाऊल किती लांब पडतं ते मागून चित्रीकरण करून बघायचं ठरवलंय. उतारावर धरणाऱ्या गोळ्याचा कोणाला अनुभव असेल तर स्प्लिट आणि दोन्ही पायांचे आकडे लिहून कळवा.